मुका साक्षीदार

गावात चोरी होते. कोठे मारामारी होते. कधी कोणाचा खून पडतो. मग पोलीस येतात. चौकशी सुरू होते. "कोणी पाहिले?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

पुष्कळ वेळा कोणीच पाहिलेले नसते. वेळ रात्रीची असते. जागा एकांताची असते. ज्याने पाहिले तो भीतीने बोलत नाही. कोणी पैशाला भुलतो. कोणी जुन्या भांडणाचा राग काढतो आणि भलत्याचेच नाव सांगतो. कोणाची खरोखरच नजरचूक होते.

मग खरे काय घडले ते कळावे कसे?

त्या जागी आणखी एक साक्षीदार हजर असतो. तो मुका असतो. पेल्यावर उमटलेला बोटाचा ठसा, सदऱ्यावरचा रक्ताचा डाग, कुऱ्हाडीच्या दांड्याला चिकटलेला केस, चिखलात रुतलेली जोड्याची खूण, बाटलीच्या तळाशी राहिलेला औषधाचा घोट, हे सारे मुके साक्षीदार. त्यांना कोणाची भीती नाही. ते लाच घेत नाहीत. त्यांना जात नाही, पक्ष नाही, भाऊबंदकी नाही.

मात्र त्यांची भाषा तुम्हां-आम्हांला कळत नाही. ती शास्त्रज्ञांना कळते. या शास्त्राला न्यायसहायक विज्ञान म्हणतात. न्यायाला साहाय्य करणारे विज्ञान, असा त्याचा अर्थ. या धड्यात आपण त्याची माहिती करून घेऊ.

अंगठ्याची गोष्ट

अंगठा आपल्या ओळखीचा आहे. सही येत नसे तेव्हा आपण कागदावर अंगठा उठवत होतो. तेव्हा त्याची लाज वाटे. पण त्या अंगठ्यात मोठे गुपित आहे.

बोटाच्या टोकाकडे नीट पाहा. बारीक रेघा दिसतील. कोठे त्या भोवऱ्यासारख्या फिरतात, कोठे कमानीसारख्या वळतात. एका माणसाच्या रेघा दुसऱ्याच्या रेघांशी जुळत नाहीत. जुळ्या भावांच्यासुद्धा जुळत नाहीत. माणूस म्हातारा झाला तरी रेघांची ठेवण बदलत नाही.

ही गोष्ट कामाला लावण्याची सुरुवात आपल्याच देशात झाली. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी करार केला. कराराच्या कागदावर त्याने कोनाईच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८९७ साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. हजारो ठशांतून हवा तो ठसा चटकन कसा शोधावा, याची रीत तेथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांनी बसवून दिली.

त्याच साली बंगालमध्ये जलपाईगुडीला एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. पेटीतले पैसेही गेले. संशय अनेकांवर आला. मजुरांवर आला. स्वयंपाक्यावरही आला, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. त्याच्याच गळ्यात दोर अडकायचा!

पण पेटीत एक पंचांग सापडले. त्यावर तपकिरी रंगाचे पुसट डाग होते. त्यांतला एक डाग म्हणजे अंगठ्याचा ठसा होता. कलकत्त्याच्या कचेरीत तो ताडून पाहिला. मळ्यावरच्या एका जुन्या नोकराच्या ठशाशी तो जुळला. हा नोकर पूर्वी चोरीत सापडला होता, म्हणून त्याचा ठसा कचेरीत होता.

आता न्यायालयाने काय केले ते पाहा. त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाबद्दल दिली नाही. त्याने पेटीला हात लावला एवढे ठशाने सिद्ध झाले. त्यानेच खून केला, हे काही ठशाने सिद्ध झाले नाही. मुका साक्षीदार जेवढे सांगतो तेवढेच धरायचे. त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत.

कबुली दिली, तरी निरपराध

दुसरी गोष्ट इंग्लंडमधील आहे आणि अलीकडची आहे. लेस्टर शहराजवळच्या खेड्यांत १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले. पोलिसांनी सतरा वर्षांच्या एका मुलाला पकडले. त्याने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. लोकांना वाटले, झाले, खुनी सापडला.

त्याच शहरात अ‍ॅलेक जेफ्रीज नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९८४ साली डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली होती. डीएनए हा आपल्या शरीराच्या कणाकणांत असतो. रक्तात, थुंकीत, केसाच्या मुळाशी तो सापडतो. जुळी भावंडे सोडली, तर प्रत्येकाचा डीएनए वेगळा.

जेफ्रीज यांनी तपासणी केली. दोन्ही खून एकाच माणसाने केले होते. पण तो माणूस हा मुलगा नव्हता! मुलगा सुटला. खरा खुनी पुढे १९८७ साली सापडला. १९८८ साली त्याला जन्मठेप झाली.

भीतीने, माराने किंवा थकून माणूस न केलेला गुन्हाही कबूल करतो. म्हणूनच आपल्या देशात पोलिसांपुढे दिलेली नुसती कबुली न्यायालय पुरावा म्हणून धरत नाही.

तेव्हा हे विज्ञान केवळ गुन्हेगार पकडण्यासाठी आहे, असे समजू नका. निरपराध माणसाला वाचवणे, हेही त्याचे तेवढेच मोठे काम आहे.

नागपूरची प्रयोगशाळा

आता आपल्या भागाकडे येऊ. नागपुरात धंतोली भागात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. ती महाराष्ट्र शासनाच्या गृह विभागाखाली चालते. मुख्य प्रयोगशाळा मुंबईला कालिना येथे आहे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नांदेड, कोल्हापूर या ठिकाणीही अशा प्रयोगशाळा आहेत.

येथे विषाची तपासणी होते. रक्ताचे डाग तपासतात. हातभट्टीची दारू तपासतात. डीएनएची तपासणी होते. या तपासणीच्या कागदाला पोलीस आणि वकील "सीए रिपोर्ट" म्हणतात. हा शब्द तुम्ही कोर्टात ऐकला असेल. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, असा त्याचा अर्थ.

"व्हिसेरा" हा शब्दही कानांवर पडतो. मृत्यूचे कारण कळले नाही, की डॉक्टर शवचिकित्सेच्या वेळी पोटातील इंद्रियांचे तुकडे राखून ठेवतात. तो व्हिसेरा. विषाच्या तपासणीसाठी तो मिठाच्या दाट पाण्यात ठेवून, बरणीला मोहर लावून पाठवतात. विष होते की नव्हते, कोणते होते, ते प्रयोगशाळा सांगते.

हा अहवाल फक्त फौजदारी खटल्यासाठी लागतो असे नाही. शेतात फवारणी करताना औषध अंगात भिनून शेतकरी मरतो. तो अपघात होता की दुसरे काही, हे ठरल्याशिवाय विम्याची रक्कम किंवा सरकारी मदत घरच्यांच्या हाती पडत नाही. अहवाल अडला, की विधवा बाई तालुक्याला खेटे घालत बसते.

एका गावातली गोष्ट

समजा, एका गावात असे घडले. सकाळी एक तरुण मळ्यातल्या खोपडीत मेलेला आढळला. उशाशी पेला होता. कोपऱ्यात औषधाचा डबा होता. लोक गोळा झाले. पोलीस पाटील आले.

शेजारी म्हणाला, "पाटीलभाऊ, पोरं येतीन अन् पेल्याले हात लावतीन. उचलून ठेवू का?"

"नाही बा! कशालेच हात लावू नका. खाटही हलवू नका. मी ११२ ले फोन केला आहे. पोलीस येतीन तोवर सारे दूर उभे राहा."

एक आजी म्हणाल्या, "अरे, माणूस गेला. जागा सारवून घेतली पाहिजे. असं ठेवतेत का?"

"आजी, तुमचं म्हणणं खरं आहे. पण आज सारवाल तर खुणा पुसल्या जातीन. मग पोरगा कसा गेला, हे कोण सांगन?"

मागून कोणी बोलले, "त्याच्यात सांगाचं काय? भावानंच घातलं असन. वावराचं भांडण होतं ना!"

पोलीस पाटील वळले. म्हणाले, "भांडण कोणत्या घरी नाही? तेवढ्यावरून कोणाले खुनी म्हणता काय? सापानं डसलं असन. फवारा मारताना औषध भिनलं असन. नाही तर कोणी घातलंबी असन. डॉक्टर पाहतीन, नागपूरची लॅब तपासन. तोवर तोंड आवरा. एक वेळ तोंडातून गेलेलं नाव परत येत नाही."

पोलीस पाटलांनी तीन कामे केली. जागा राखली, खबर दिली, आणि अफवा रोखली. आपल्या गावातही हे करता येते. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही.

साखळी तुटली, तर?

पुरावा घटनेच्या जागेवरून थेट न्यायाधीशांपुढे जात नाही. तो अनेक हातांतून जातो. पोलीस तो उचलतात. पंचांसमोर त्याचा पंचनामा होतो. प्रत्येक वस्तू वेगळी बांधतात. रक्ताने ओला झालेला कपडा सावलीत वाळवून कागदात गुंडाळतात. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडला, तर त्यास बुरशी येते. मग गाठोड्यावर चिठ्ठी लावतात, सह्या घेतात, लाखेची मोहर करतात. माल ठाण्यात ठेवतात. तेथून शिपाई तो प्रयोगशाळेत पोचवतो.

ही झाली साखळी. प्रत्येक कडीला हिशेब हवा. माल कोणी घेतला? किती वाजता? कोणाजवळ ठेवला? केव्हा पाठवला? एक कडी तुटली, की सारी साखळी निकामी होते.

याची एक दुःखाची गोष्ट आपल्याच राज्यात घडली. २०१० साली ठाणे जिल्ह्यात सहा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. एका माणसाला अटक झाली. डीएनएचा अहवाल त्याच्या विरुद्ध होता. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने ती कायम केली. पण १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडून दिले. नमुने पाठवण्यास उशीर का झाला? मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात होते? याचा नीट हिशेब पोलिसांना देता आला नाही. अशा नमुन्यांवर विसंबून कोणाचा जीव कसा घ्यावा?

आता विचार करा. तो माणूस निरपराध असेल, तर तो इतकी वर्षे फुकट तुरुंगात राहिला. अपराधी असेल, तर तो तपासाच्या ढिलाईने सुटला. दोन्ही बाजूंनी अन्यायच. आणि त्या मुलीच्या आईबापांच्या पदरी काय पडले?

दुसरा खटला २००३ सालचा. नाशिकजवळ एका शेतवस्तीवर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली. भटक्या जमातीच्या सहा गरीब माणसांना पकडले. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडील फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झालाच नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. पुढे खटला पुन्हा तपासला गेला. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्यास शासनाला सांगितले. पण तुरुंगात गेलेली सोळा वर्षे कोणत्या रुपयांनी परत येणार?

गरिबाजवळ मोठा वकील नसतो. त्याची ओळख नसते. त्याला आधार एकच, खरा आणि नीट राखलेला पुरावा. म्हणून प्रयोगशाळा चांगली चालणे, ही गरिबाच्या गरजेची गोष्ट आहे.

कायदा काय सांगतो

१ जुलै २०२४ पासून देशात नवा फौजदारी कायदा लागू झाला. त्याचे नाव भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा असेल, तर न्यायवैद्यक तज्ज्ञाने स्वतः जागेवर जावे, पुरावा गोळा करावा, आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, असे या कायद्यात आहे. ही व्यवस्था उभी करण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. झडतीचे आणि जप्तीचेही चित्रीकरण करावे लागते.

१५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डीएनएच्या नमुन्यांबद्दल नियम घालून दिले. नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. उशीर झाला, तर कारण लिहिले पाहिजे. नमुना कोणाकडून कोणाकडे गेला, याची नोंदवही ठेवली पाहिजे.

काय हवे आहे

कागदावर कायदा झाला. पण गडचिरोलीच्या आडगावात गुन्हा घडला, तर तज्ज्ञ वेळेवर पोचणार कसा? त्यासाठी साधने हवीत आणि माणसे हवीत.

काही कामे सुरू झाली आहेत. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने देशभरातील न्यायवैद्यक सोयी वाढवण्यासाठी २,२५४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रात फिरत्या न्यायवैद्यक गाड्या सुरू झाल्या. ही गाडी म्हणजे चाकांवरची लहान प्रयोगशाळाच. नागपुरात हे शास्त्र शिकवणारी शासकीय संस्था आधीपासून आहे. मे २०२५ मध्ये राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे केंद्रही नागपूरला सुरू झाले. कामठी तालुक्यात त्याच्या कायमच्या इमारतीची कोनशिला बसली. खेड्यातल्या हुशार मुला-मुलींना तेथे शिकता येईल.

पण विहीर खणली, म्हणजे शेत भिजले असे होत नाही. मोट हवी, पाट हवा, पाणी देणारा माणूस हवा. तसेच हे आहे. यंत्र आले, पण चालवणारा नसला तर ते धूळ खाते. शास्त्रज्ञांच्या जागा रिकाम्या राहिल्या, तर गाठोडी कपाटात साचतात. गाठोडी साचली, की खटले साचतात. तोवर निरपराध कोठडीत कुजतो, आणि अपराधी जामिनावर मिशीला पीळ देत हिंडतो.

म्हणून चार गोष्टी हव्यात. रिकाम्या जागा वेळेवर भराव्यात. पुरावा राखण्याचे शिक्षण ठाण्यातल्या शिपायापर्यंत पोचावे. अहवालाला मुदत असावी. आणि शास्त्रज्ञावर कोणाचाही दाब नसावा. तो पोलिसांचा नाही, आरोपीचाही नाही. जे दिसले तेच त्याने लिहावे.

शास्त्रज्ञही माणूसच आहे. त्याची चूक होऊ शकते. म्हणून न्यायालय त्याला बोलावून प्रश्न विचारू शकते. आरोपीच्या वकिलालाही अहवालावर शंका काढता येते. यात शास्त्राचा अपमान नाही.

तुमची सही, तुमची जबाबदारी

या कामात तुमचाही वाटा आहे. उद्या तुम्हांला पंच म्हणून बोलावतील. पूर्वी पंच अंगठा उठवून मोकळे होत. कागदावर काय लिहिले आहे, हे त्यांना ठाऊक नसे. आता तुम्हांला वाचता येते. तेव्हा पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. जागेवर तीन वस्तू होत्या, तर कागदावर तीनच आहेत का? तारीख आणि वेळ लिहिली आहे का? तुमच्यासमोर मोहर लावली का? कोऱ्या कागदावर कधीही सही करू नका. तुमच्या एका सहीवर कोणाचे तरी आयुष्य टांगलेले असते.

ज्याच्यावर गुन्हा घडला त्यानेही आपले हक्क जाणावेत. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या. तपास कोठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवले पाहिजे. एखाद्या बाईवर अत्याचार झाला असेल, तर तिने आंघोळ करण्यापूर्वी, कपडे न धुता, लवकर दवाखान्यात जावे. तेथे उपचार फुकट मिळतात. दोष तिचा नाही, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे आणि तिला साथ द्यावी. वकील करण्याची ऐपत नसेल, तर १५१०० या क्रमांकावर फोन करावा. तेथून मोफत कायदेशीर मदतीची वाट कळते.

ध्यानात ठेवा

१. घटनेच्या जागी कशालाही हात लावू नका. जागा सारवू नका, धुऊ नका.
२. जखमी माणसाला आधी दवाखान्यात न्या. पुराव्यापेक्षा जीव मोठा.
३. पोलिसांना लगेच खबर द्या. क्रमांक ११२.
४. कानांवर आले म्हणून कोणाचे नाव घेऊ नका.
५. पंचनामा वाचा, मगच सही करा.

शब्दांचे अर्थ

मुद्देमाल – गुन्ह्याच्या तपासात जप्त केलेल्या वस्तू.
पंच – झडती किंवा जप्ती ज्यांच्यासमोर होते ती माणसे.
शवचिकित्सा – मृत्यूचे कारण कळण्यासाठी डॉक्टरांनी केलेली प्रेताची तपासणी.
निर्दोष – ज्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला नाही तो.

प्रश्न

१. पंचांगावरच्या ठशाने काय सिद्ध झाले? काय सिद्ध झाले नाही?
२. इंग्लंडमधील मुलाने कबुली दिली होती. तरी तो का सुटला?
३. रक्ताचा ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत का ठेवू नये?
४. तुम्ही पंच झालात, तर सही करण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहाल? त्या वहीत लिहा.